पाचशे अक्षरांत आपली बाजू

सकाळी साडेसातला बेल वाजली की आमच्याकडे दोनच शक्यता असतात. एक तर दूधवाला सुट्टे मागायला आलेला असतो, नाहीतर कुणाला तरी अर्ज लिहून हवा असतो. विमा कार्यालयात पत्रव्यवहाराच्या टेबलावर मी बत्तीस वर्षं काढली. मी रिटायर झाले, पण गल्लीतले अर्ज काही रिटायर झाले नाहीत. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, वाढून आलेलं लाइटबिल, कुणाच्या पोराचा शाळेचा दाखला, सगळं माझ्याकडे येतं. त्या दिवशी दारात खालच्या मजल्यावरच्या अक्कांचा मुलगा उभा होता. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. घरात अजून तिळाच्या पाकाचा वास होता आणि मागच्या बोळातले टॉवेलचे माग नुकतेच सुरू झाले होते. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ कोंबड्याने होत नाही, मागांच्या खटाखटीने होते. त्या आवाजात तो काय म्हणाला ते मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. त्याने फोन पुढे केला. पायात चप्पल नव्हती. "काकू, जरा बघा की ओ. काय लिहिलंय हे."

पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. तुमच्या एका वर्तनामुळे आमच्या कम्युनिटीच्या मूल्यांचा भंग झाला आहे, सबब तुमचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे, अशा अर्थाच्या. 'सबब' हा माझा शब्द, बत्तीस वर्षांची सवय. मी वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने विचारलं, "कम्युनिटी म्हणजे जात का ओ?"

मला हसू आलं, आणि लगेच आल्याचं वाईटही वाटलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्याकडे कम्युनिटी हॉल म्हणजे जातीचा हॉल, कम्युनिटीची मीटिंग म्हणजे जातीची बैठक. कम्युनिटीने बाहेर काढलं म्हणजे काय, हे या शहरात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

हा मुलगा जेवणाची पार्सलं पोचवतो. गाडी हप्त्याची आहे, अक्का विड्या वळतात, वडील मागावर होते, आता घरीच असतात. त्याच्या भाषेत सांगायचं तर त्याची 'आयडी ब्लॉक' झाली होती. त्याने टीएलला, म्हणजे टीम लीडरला, फोन लावला होता. टीएल म्हणाला, वरून झालंय, माझ्या हातात काही नाही, तिकीट टाक. तिकीट म्हणजे अ‍ॅपमधली तक्रार. तिथे इंग्रजीत एक चौकोन होता, आपली बाजू मांडा, आणि खाली कोपऱ्यात एक आकडा लिहिलेला, ५००. पाचशे अक्षरं. शब्द नव्हे, अक्षरं.

मी विचारलं, केलंस काय? त्याने मान खाली घातली आणि मला एकदम सगळं आठवलं. तो व्हिडिओ मी पाहिला होता.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत सोलापूरला झोप नसते. तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना जाऊन येतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग दारूकाम. होम मैदानावर आकाशपाळणे आणि मौत का कुवा. रस्त्यावर बोरं, ऊस, शेंगा आणि माणसं. सगळ्या गावाच्या गाड्या सगळ्या गावाच्या गाड्यांना घासतात. होमाच्या संध्याकाळी पार्क चौपाटीजवळ अशीच एक गाडी दुसऱ्या गाडीला घासली, शिवी दिली गेली, आणि एका पोराने दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली. कुणीतरी शूट केलं. अठरा सेकंदांचा तो व्हिडिओ रात्री आमच्या भागातल्या एका पेजवर आला, त्यावर 'डिलिव्हरी बॉयची गुंडगिरी' असं लिहून. पोराच्या अंगावर कंपनीचा टीशर्ट नव्हता, पाठीला बॅग नव्हती. तो त्या दिवशी सुट्टीवर होता. पण खाली एका बाईंची कॉमेंट होती, 'अरे हा तर आमच्याकडे पार्सल घेऊन येतो.' आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी कंपनीचं नाव टॅग करून लिहिलं होतं, असल्यांना घरी पाठवता का?

मी तो व्हिडिओ झोपताना, चष्मा काढून ठेवल्यावर पाहिला होता. चेहरा नीट दिसला नव्हता. दिसला तो फक्त हात, आणि मागांच्या खटाखटीतही ऐकू यावा असा तो आवाज. काय ही आजकालची पोरं, असं मनात म्हणून मी खाली तो लाल रागावलेला चेहरा दाबला आणि झोपले.

तो लाल चेहरा मला आजपर्यंत टोचतो आहे.

असो. आम्ही अर्ज लिहायला बसलो. डायनिंग टेबलावर तिळाचे लाडू, त्याचा फोन, माझं पॅड. आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत करायचं, मग अक्षरं मोजायची, अशी माझी पद्धत. पण पाचशे अक्षरांत आपली बाजू कशी मांडतात हो? त्यात गाडीचा धक्का बसेल, शिवी बसणार नाही. शिवी बसवली तर चौकीत नंतर झालेली तडजोड बसणार नाही, आणि तडजोड झाली होती. हवालदाराने दोघांना झापलं, त्या दुसऱ्या पोराचे काका आणि याचे वडील ओळखीचे निघाले, चौघांनी बाहेर येऊन चहा घेतला, तक्रार काही झाली नाही. ज्याच्या गालावर बसली त्याचा विषय तिथे संपला होता. मी म्हटलं, हे सगळ्यात महत्त्वाचं, हे लिहू. तो म्हणाला, "काकू, पण मारलं तर मीच की. ते पण लिहा." मी म्हटलं, ते त्यांनी पाहिलंय. तो म्हणाला, "तरी लिहा. नाहीतर खोटं वाटंल." शेवटी आम्ही शिवी गाळली आणि 'आय अ‍ॅम सॉरी' ठेवलं. चारशे ब्याण्णव.

त्यानंतरच्या दोन-तीन रात्री मला झोप येईना आणि मी वाचत बसले. सवय आहे. नकाराचं पत्र हातात आलं की आधी त्यामागचा नियम शोधायचा. त्याच्या अ‍ॅपच्या अटींत 'कामाच्या वेळेत असो वा नसो' अशी एक ओळ सापडलीच. मग हे अजून कोण कोण करतं, असं बघता बघता मी अमेरिकेत जाऊन पोचले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल गावात गोऱ्या वंशाभिमान्यांचा मेळावा होणार होता. त्यासाठी घरं बुक करणाऱ्यांची खाती एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीने आधीच बंद केली. त्यांनी घरात काही केलं नव्हतं, चादरसुद्धा मळवली नव्हती. ते तिथे कशाला निघालेत एवढंच पुरलं. वाचून मी मनात म्हटलं, बरं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्विटरने निळी खूण देताना आणि काढून घेताना माणसाचं ट्विटरबाहेरचं वागणंही बघायचं ठरवलं. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने २०१८ च्या मे महिन्यात आर. केली या गायकाची गाणी त्याच्यावरच्या आरोपांमुळे आपल्या यादींतून काढली. गदारोळ झाला आणि तीन-साडेतीन आठवड्यांत कंपनीने माघार घेतली, कलावंतांच्या वागण्यावर लक्ष ठेवणं हे आमचं काम नाही म्हणाली. पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. म्हणजे नियम केला तो घाईत, मागे घेतला तोही घाईत, आणि माणूस मात्र दोषी निघाला. यातून मी काय धडा घ्यायचा, देव जाणे.

त्यातल्या त्यात मला पटलं ते ट्विच नावाच्या एका साइटचं. पोरं व्हिडिओ गेम खेळतात आणि दुसरी पोरं ते थेट बघतात, अशी ती जागा आहे, मालकी अ‍ॅमेझॉनची. त्यांनी २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की आमच्या सेवेबाहेर घडलेल्या काही गोष्टींसाठीही आम्ही खातं बंद करू. पण त्या कुठल्या, तेही लिहिलं. जीवघेणी हिंसा, दहशतवाद, द्वेष पसरवणाऱ्या टोळीत असणं, सामूहिक हिंसेच्या खऱ्या धमक्या, लैंगिक अत्याचार, लहान मुलांचं लैंगिक शोषण, असे मोजके गंभीर प्रकार. पुरावा तपासता आला तरच कारवाई, आणि तपासाला बाहेरची वकिलांची कंपनी. हे वाचताना मला ऑफिसातली जुनी परिपत्रकं आठवली. भाषा रुक्ष, पण कुंपण कुठे आहे ते दिसायचं. कानाखाली वाजवणं त्या यादीत कुठेच नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. हे तर आपल्याच अंगणातलं. २०१९ च्या निवडणुकीत घाऊक मेसेज पाठवण्याचा धंदा बोकाळला तेव्हा त्यांनी जाहीर केलं की ७ डिसेंबर २०१९ पासून असं करणाऱ्यांवर आम्ही कोर्टात जाऊ, मग ते आम्हाला फक्त आमच्या अ‍ॅपबाहेरच्या माहितीवरून कळलेलं असलं तरी. म्हणजे दुकानाच्या पाटीवर कुणी 'दहा हजार मेसेज एका क्लिकवर' असं रंगवून घेतलं असेल, तर ती पाटीसुद्धा पुरावा. यावर माझं काही म्हणणं नाही. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसांनी माझा फोन इतका भरलेला असतो की ती पाटी मी स्वतः फोटो काढून पाठवीन.

म्हणजे बघा, मला बाहेरचं वागणं बघितलेलं चालतं. नुसतं चालत नाही, मी ते मागितलंही आहे. ही गोष्ट मी अक्कांच्या मुलाला सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मैत्रिणीची मुलगी एका क्लासला जायची. सरांचं नाव होतं, त्यांचे ऑनलाइन व्हिडिओ तर जिल्हाभर बघितले जायचे. पंढरपूर, बार्शी, सांगोला, कुठल्याही गावच्या पोरांना त्यांचा आवाज ओळखू यायचा. हे सर रात्री मुलींना मेसेज करायचे. व्हिडिओवर नव्हे, खाजगीत. काय करायचे ते इथे लिहीत नाही. मैत्रीण आणि आणखी दोघी आया पोलिसांत गेल्या, तक्रार नोंदली गेली. आणि तरी दर रविवारी सकाळी दहाला सरांचा नवा व्हिडिओ येत होता, 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो.' माझ्या मैत्रिणीला तो आवाज शेजारच्या खिडकीतून ऐकू यायचा आणि मुलगी उठून आतल्या खोलीत जायची. मग मीच पॅड घेऊन बसले. व्हिडिओ जिथे चालायचे त्या कंपनीला लिहिलं, एफआयआरची प्रत जोडली, तीन पालकांच्या सह्या घेतल्या. उत्तर आलं ते असं की संबंधित प्रकार आमच्या सेवेवर घडलेला नाही, त्यामुळे आम्ही त्यात पडू शकत नाही. त्या उत्तराने मी इतकी पेटले होते की आठवलं तरी अजून कान तापतात. तुमच्या सेवेवर घडलं नाही म्हणजे काय? मुली त्याच्याकडे आल्या त्या तुमच्याच पडद्यातून ना? त्याला सर केलं कुणी? मी चार वेळा लिहिलं. पुढे त्या सरांना अटक झाली, पेपरात आलं, आणि एका रविवारी दहा वाजता व्हिडिओ आला नाही. खातं कंपनीने बंद केलं की त्यानेच, ते आम्हाला कधी कळलं नाही. मैत्रिणीने त्या दिवशी मला फोन करून फक्त एवढंच सांगितलं की आज खिडकी उघडी ठेवलीय.

आता सांगा, मी कुठल्या तोंडाने म्हणू की कंपनीला बाहेरच्या वागण्याशी काय करायचंय?

फरक आहे, मला माहीत आहे. एक गुन्हा, एक भांडण. एकीकडे तीन आयांच्या सह्या आणि एफआयआर, दुसरीकडे अठरा सेकंद आणि माझ्यासारख्यांचे लाल चेहरे. शिवाय सरांचा गुन्हा त्या पडद्याला चिकटलेला होता, त्या पडद्यानेच त्यांना मुलींपर्यंत नेलं होतं. पोराच्या थपडेचा पार्सलशी काय संबंध? इथे माझ्या आतला दुसरा आवाज म्हणतो, संबंध कसा नाही, तो लोकांच्या दारात जातो, दुपारी बाई घरात एकटी असते. त्या कॉमेंट करणाऱ्या बाई घाबरल्या असतील तर त्यांची काय चूक? मी हे दोन्ही आवाज पूर्ण ऐकून घेते आणि मला एकाचंही तोंड दाबता येत नाही.

माझे बाबा एका मिलमध्ये बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे मुकादम, आत घेणार. एका गणपतीत त्यांचं आणि जॉबरच्या भाच्याचं लेझीमवरून वाजलं. मिलचा काही संबंध नाही, रस्त्यातलं भांडण. पण दुसऱ्या दिवसापासून जॉबरला बाबा दिसेनासे झाले. गेटवर उभे असले तरी दिसेनात. पंधरा दिवस गेले. मग आई शेंगापोळ्यांचा डबा घेऊन, मला कडेवर घेऊन जॉबरच्या घरी गेली. त्याच्या बायकोशी बोलली, ओट्यावर बसून रडली, आणि सोमवारी बाबा आत गेले. ही गोष्ट आमच्या घरी विनोद म्हणून सांगितली जायची. बाबांनी त्यानंतर कधी शेंगापोळीला हात लावला नाही, असं लिहिलं तर लेख छान होईल, पण ते खरं नाही. त्यांना शेंगापोळी शेवटपर्यंत आवडायची, वर तुपासकट. आईला मात्र त्या गल्लीतून जायला नको असायचं. आमच्या लहानपणी बाजाराला जाताना आम्ही नेहमी एक वळसा घ्यायचो. त्या वळशाचं कारण मला खूप उशिरा कळलं.

तेव्हा 'पूर्वी समोर माणूस होता, त्याच्याकडे जाता यायचं' असं जे लोक उसासा टाकून म्हणतात, त्यांच्यात मला बसता येत नाही. जाता यायचं, खरं आहे. पण कोण जायचं, आणि काय घेऊन?

आणि या शहराला तर बाहेरच्या वागण्यावर पहारा ठेवण्याचा जुना अनुभव आहे. सेटलमेंट हा शब्द आम्ही लहानपणी एका भागाचं नाव म्हणूनच शिकलो, जशी साखर पेठ, तसं सेटलमेंट. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात ठेवल्या. दिवसातून अनेकदा हजेरी, बाहेर जायला पास. त्यातली माणसं इथल्या मिलमध्ये कामाला जात आणि भोंगा झाला की पुन्हा तारेच्या आत येत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून रद्द झाला. १९६० साली पंडित नेहरू आले आणि त्यांच्या हातून ती तार तुटली, ही गोष्ट इथे अजून अभिमानाने सांगितली जाते. ते आणि हे एक नव्हे, तुलना करायचा माझा हेतू नाही. तिथे माणसाने काही केलेलंही नसायचं. पण माझ्या वर्गात सेटलमेंटमधली एक मुलगी होती. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की सगळा वर्ग तिच्याकडे बघायचा. तार तुटून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मीही बघायचे. पेन्सिल बहुतेक वेळा बाकाखाली असायची.

जातीच्या कम्युनिटीने बाहेर काढण्याला आपल्याकडे शब्द आहे, वाळीत टाकणं. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पंचांनी कुणाला वाळीत टाकलं तर पंच तुरुंगात जाऊ शकतात. अक्कांच्या मुलाचा प्रश्न मला त्या रात्री पुन्हा आठवला. त्याच्या कम्युनिटीचे पंच कोण, ते बसतात कुठे, आणि त्यांनी तो व्हिडिओ आवाज चालू ठेवून पाहिला का? आवाज चालू असता तर शिवी ऐकू आली असती.

कायद्याचंही पाहिलं, सवयीप्रमाणे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे इंटरनेटवरच्या अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो, चोवीस तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो, आणि त्यावर अपील करायला २०२३ पासून सरकारी समित्याही आहेत. मी उत्साहाने त्याला बोलावलं. पण हे सगळं त्यांची सेवा वापरणाऱ्यासाठी. हा वापरणारा नाही, हा 'पार्टनर'. मग कामगार म्हणून बघायला गेले तर कामगारही नाही, पुन्हा पार्टनर. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये केला, त्यात तर काढायचं असेल तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मी त्याला हे सांगितलं. म्हटलं, टाकळीचा पूल ओलांडलास की कर्नाटक, भीमेच्या पलीकडे तुला चौदा दिवस मिळाले असते. तो म्हणाला, "विजापुरात माझी मावशी राहती की. पण तिकडं कोण सोलापूरएवढं पार्सल मागवतंय ओ?" धंद्याचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी स्वतः बत्तीस वर्षं नकार लिहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला दावा अमुक कलमान्वये ग्राह्य धरता येत नाही, सबब कळविण्यात येते की. कर्मणी प्रयोग हा आमच्या ऑफिसचा खरा मॅनेजर होता. कुणी नाकारलं हे कधीच लिहायचं नाही, नाकारण्यात आलं एवढंच. पण खाली माझी सही असायची, आणि सहीखाली कंसात नाव. त्या सहीमुळे एक म्हातारे गृहस्थ अक्कलकोटहून दर मंगळवारी एसटीने माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. गेलेल्या मुलाची पॉलिसी होती, हप्ता चुकलेला. नियम स्पष्ट होता आणि मी तो दर मंगळवारी स्पष्ट सांगायचे. ते ऐकायचे, पाणी प्यायचे, जायचे. सात-आठ मंगळवार झाले असतील. शेवटी त्यांचं ओझं नको म्हणून मी फाईल पुन्हा उघडली तर एक पावती दुसऱ्याच फायलीला टाचलेली निघाली. हप्ता चुकलेलाच नव्हता. मला त्यांचा राग यायचा हो. दर मंगळवारी दारात ती टोपी दिसली की माझ्या पोटात गोळा यायचा. माझ्या हातून जे काही न्यायाचं काम झालं असेल, ते त्या पोटातल्या गोळ्याने करून घेतलं, मी नव्हे.

त्याच्या तीन ओळींखाली सही नव्हती. मी दोनदा स्क्रोल करून बघितलं.

अकराव्या दिवशी आयडी सुरू झाली. काही कळवलं नाही, कारण नाही, माफी नाही, की आम्ही लिहिलेल्या चारशे ब्याण्णव अक्षरांना उत्तर नाही. सकाळी त्याने सवयीने अ‍ॅप उघडून बघितलं तर लॉगिन झालं, आणि दहा मिनिटांत सात रस्त्याची ऑर्डर पडली. तो जिना चढून वर सांगायला आला नाही, खालूनच ओरडला, "काकू, चालू झालं!" मागांच्या आवाजात मला ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं. अक्कांनी संध्याकाळी वाटीभर शेंगाचटणी पाठवली. मी घेतली. नको म्हणायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. डब्याचं झाकण उघडताना लसणाचा वास आला आणि आईचा तो वळसा आठवला.

परवा तो आला. हेल्मेट हातात, बॅग पाठीला. घाईत होता, हॉटेलवर वेटिंग आहे म्हणाला. म्हणाला, काकू, तुम्ही फेसबुकवर गड्ड्याचे फोटो टाकलेत ना, त्यातला माझा काढाल का? मला कळेना कुठला. त्याने दाखवला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला होता, तैलाभिषेकाच्या दिवसाचा. पांढरी बाराबंदी घालून चौघं मित्र उभे, कपाळाला विभूती, याचं तोंड उघडं, 'हर्र बोला हर्र' म्हणतानाचं. माझ्या हातून आलेला त्यातल्या त्यात बरा फोटो तो.

"अरे, यात काय वाईट आहे?"

"वाईट काय नाही ओ. पण काढा की."

मी काढला. तो जिना उतरून गेला, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. फोन हातात होताच, म्हणून मी त्या पेजवर जाऊन तो अठरा सेकंदांचा व्हिडिओ शोधायला लागले. म्हटलं, निदान माझा लाल चेहरा तरी काढून घेऊ. होमाच्या तारखेपर्यंत खाली गेले, पुन्हा वर आले. आकाशपाळणे होते, दारूकाम होतं, हरवलेल्या एका पाकिटाची पोस्ट होती. तो व्हिडिओ कुणीतरी आधीच काढून टाकला होता.